भिंतीला घाम का येतो : एका वेबसाइटच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

वेबसाइटवरच्या लेखांचं काम हातात घेतलं. ओल आणि गळतीची दुरुस्ती करणारी छोटी कंपनी. मालक, दोन मिस्त्री, त्यांच्या हाताखालची माणसं आणि फोन घेणारी एक मुलगी, एवढाच पसारा. वेबसाइट सहा वर्षांची. तिच्यावर ४३ लेख पडून आहेत, जवळपास सगळे आधीच्या एजन्सीनं लिहिलेले.

मालकांचा हिशेब साधा आहे. "महिन्याला आठ लेख टाका. लेख टाकले की गुगलवर वर येतं, वर आलं की फोन येतात." मी म्हटलं, पहिले तीन आठवडे मी एकही लेख लिहिणार नाही. ते गप्प बसले. मग पैसे कशाचे द्यायचे, हे तोंडावर आलेलं त्यांनी गिळलं, तो त्यांचा भलेपणा.

रात्री पंधरा लेख वाचले. "वॉटरप्रूफिंगचे महत्त्व", "वॉटरप्रूफिंगचे फायदे", "वॉटरप्रूफिंग का गरजेचे आहे", "वॉटरप्रूफिंगकडे दुर्लक्ष का करू नये". चारही लेख एकच आहेत, कपडे बदललेले. एका लेखात "सर्वोत्तम वॉटरप्रूफिंग सेवा" हे तीन शब्द मोजले तर १९ वेळा आले.

७ जानेवारी

उरलेले वाचून संपवले. दोन लेखांत "भिंत" या शब्दाच्या जागी "तटबंदी" आलंय. म्हणजे कुणा माणसानं नव्हे, शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं लिहिलंय. "तुमच्या तटबंदीला ओल आली आहे का?" या वाक्यावर मी एकटीच बराच वेळ हसत होते. किल्लेदारांसाठी लिहिलेला लेख.

ही रीत कुठून आली हे मालकांना सांगावं लागेल, नाहीतर "आधीच्यांनी तरी लेख दिले होते" हे पालुपद राहणार. म्हणून इथेच लिहून ठेवते. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून दुवे येतात, त्यावरून त्याचं वजन ठरवायचं. कल्पना चांगली होती, पण वजन कशानं वाढतं हे कळलं की लोक तराजूत दगड टाकणारच. लेखांच्या मोठमोठ्या डिरेक्टरी निघाल्या. ईझीनआर्टिकल्स त्यातली गाजलेली. एक लेख लिहायचा, त्याची शब्द बदलून पन्नास रूपं करायची, पन्नास ठिकाणी टाकायची आणि प्रत्येकाच्या तळाशी आपल्या साइटचा दुवा ठेवायचा. वाचायला कुणी येतंय का, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलनं पांडा नावाचा बदल आणला. ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. पातळ, उचललेल्या, घोळवलेल्या मजकुराच्या साइट धडाधड खाली गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला, त्यानं विकतच्या आणि बनावट दुव्यांना पकडलं. आपल्या या साइटवर प्रत्येक पानात कीवर्डचा मेटा टॅगही (शोधशब्दांची, वाचकाला न दिसणारी यादी) भरलेला आहे, वीस-वीस शब्दांचा. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गुगलनं २००९ सालीच जाहीर केलंय.

थोडक्यात, बारा-तेरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या घाटावर आजही नावा सोडल्या जातायत आणि त्यांची बिलं निघतायत.

१३ जानेवारी

सर्च कन्सोलचा, म्हणजे साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्याच साधनाचा, ताबा मिळाला. आधीच्या एजन्सीकडून तो परत घ्यायला चार दिवस आणि बरेच ईमेल गेले. नोंद करून ठेवते: डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि सर्च कन्सोल मालकाच्याच नावावर हवं, लेखकाच्या किंवा एजन्सीच्या नव्हे. माझ्यासुद्धा नाही.

कन्सोल मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी दाखवतो. ४३ पैकी ४० लेखांना क्लिक जवळजवळ नाहीत. उरलेल्या तिघांत एक तर साऱ्यांहून पुढे. "गच्चीवर पाणी साठवून गळती कशी शोधावी." जेमतेम अडीचशे शब्द. शुद्धलेखनाची दैना, फोटो वाकडे, एका फोटोत कुणाची तरी चप्पल. एजन्सीचा हात त्याला लागलेला नाही हे पहिल्या ओळीतच कळलं.

मालकांना विचारलं. ते आठवत बसले. "हां, तो मीच टाकला होता. साइट नवीन होती तेव्हा. रोज तेच फोनवर सांगावं लागायचं, म्हणून." आणि मग ओशाळून, "तो काढून टाका, चांगला दिसत नाही."

काढू देणार नाही म्हटलं.

१६–१७ जानेवारी

दोन दिवस ऑफिसात फोनच्या शेजारी बसले. कीवर्ड शोधायची साधनं माझ्याकडे आहेत, पण ती लोकांनी काय टाइप केलं ते सांगतात. माणूस घाबरलेला असताना काय बोलतो, हे फोनवरच कळतं.

फोन घेणारी मुलगी हुशार आहे. मी तिला एकच विनंती केली. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, आपल्या भाषेत आणायचं नाही. दोन दिवसांत वहीत जमलेलं:

"रंगाचे पोपडे निघतायत, पण नळ तर कुठेच नाही तिथे." "भिंत फुगलीय." "भिंतीला लोणा लागलाय." "कपाटामागे काळं पडलंय, वास येतो." "सकाळी भिंतीला घाम येतो." "वरच्यांचं पाणी आमच्या बाथरूममध्ये उतरतं, ते ऐकत नाहीत." "मागच्या वर्षीच केलं होतं, परत आलं."

"वॉटरप्रूफिंग" हा शब्द दोन दिवसांत एकानंही आपणहून उच्चारला नाही. तो धंद्याचा शब्द. गिऱ्हाइकाजवळ फक्त लक्षणं असतात. डॉक्टरकडे जाणारा "पोटात दुखतंय" म्हणतो, शस्त्रक्रियेचं नाव सांगत नाही. आपल्या ४३ लेखांतले चाळीस शस्त्रक्रियेच्या नावानं लिहिलेले आहेत.

२२ जानेवारी

थोरल्या मिस्त्रींबरोबर कामावर गेले. तीस वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं. "मिस्त्री, ओल कशी ओळखता?" असं विचारलं तर उत्तर आलं, "बघून." संपलं.

दुपारी मी चुकून म्हणाले की खालून वर चढणारी ओल छतापर्यंत जात असेल ना. मिस्त्री थांबले, थापी खाली ठेवली आणि पंधरा मिनिटं बोलले. जमिनीतून चढणारी ओल बहुधा कमरेच्या आसपास थांबते, तिची वरची कड भरतीच्या रेषेसारखी दिसते. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर गिलाव्यातून बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या पुडीसारखे मागे राहतात, तोच लोणा. डाग छताजवळ असेल तर वर बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघाला असेल तर खिडकीची चौकट बघा. आणि नुसतीच काळी बुरशी असेल, कपाटामागे, कोपऱ्यात, तर बऱ्याचदा गळती नसतेच. घरातली दमट हवा थंड भिंतीला लागते आणि पाणी धरते.

ते कसं ओळखायचं? अॅल्युमिनियमचा कागद. भिंत पुसून कोरडी करायची, हातभर कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करायचा, एक-दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला थेंब दिसले तर हवेतला दमटपणा. काढल्यावर आतली बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय.

यातलं एक अक्षर ४३ लेखांत नाही.

आजचा धडा पद्धतीचा: मिस्त्रींना प्रश्न विचारायचा नाही. चुकीचं विधान करायचं. ते चूक सहन करू शकत नाहीत. यापुढे प्रत्येक लेखाचा पहिला खर्डा मुद्दाम दोन चुका पेरून त्यांना वाचून दाखवणार.

२९ जानेवारी

पहिला लेख तयार: "भिंतीला घाम का येतो? गळती आहे की दमट हवा, घरच्या घरी कसं ओळखाल." १,१०० शब्दांचा होता, कापून ६४० वर आणला. लेख लांब असला की गुगल वर नेतं, ही समजूत अजून फिरतेय. गुगलनं शब्दसंख्येची अशी कुठलीही अट घातलेली नाही. उत्तर जिथे संपतं तिथे लेख संपवला.

आणि यावरून मालकांशी जुंपली.

"तुम्ही लिहिलंय की दमट हवा असेल तर खिडक्या उघडा, पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आम्हाला बोलावू नका. आम्हाला बोलावू नका?"

"तेवढं वाक्य काढते. बाकीचं खरं आहे की नाही?"

"खरं आहे. पण आपल्या साइटवर, आपल्या पैशानं, गिऱ्हाइकाला परत पाठवायचं?"

मी विचारलं, असे फोन आल्यावर तुम्ही काय करता? ते म्हणाले, मिस्त्री जातात, बघतात, सांगतात की आमचं काम नाही, परत येतात. अर्धा दिवस जातो. "मग तो अर्धा दिवस हा लेख वाचवेल." हे त्यांना पटलं, निदान हिशेब म्हणून. पण माझा खरा मुद्दा तो नव्हता. ज्यानं "तुला माझी गरज नाही" असं एकदा खरं सांगितलं, त्याचं "तुला गरज आहे" हे ऐकलं जातं. हे मी बोलले नाही. भाषणासारखं वाटलं असतं.

त्याऐवजी त्यांना जॉन डिअरची गोष्ट सांगितली. नांगर बनवणाऱ्या या कंपनीनं १८९५ साली शेतकऱ्यांसाठी मासिक काढलं. त्यात शेती कशी करावी यावर लिहिलेलं असायचं. ते अजून निघतं. मालक म्हणाले, "त्यांच्याकडे सव्वाशे वर्षं होती. माझ्याकडे मार्चपर्यंतचे पैसे आहेत."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बोलावू नका" हे वाक्य काढलं, लेख आज चढवला.

३ फेब्रुवारी

जुन्या लेखांचा निकाल. ३ ठेवायचे. ९ लेखांत थोडंफार कामाचं आहे, त्यांचे तीन करायचे आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमचा रिडायरेक्ट लावायचा, म्हणजे जुना पत्ता उघडला की नवं पान येईल, ३०१ वाला. उरलेले ३१ सरळ काढायचे.

मालकांचा जीव तुटला. "एकतीस! पैसे देऊन लिहून घेतलेत." मग सुचवलं की काढायचेच तर सगळ्यांचा रिडायरेक्ट मुख्य पानावर लावू, निदान त्याला तरी फायदा. हे पुष्कळ जण करतात, पण उपयोग नाही. विषयाशी संबंध नसलेल्या पानावर वळवलेला पत्ता गुगल "पान सापडलं नाही" असाच धरतो. म्हणून ३१ ठिकाणी ४१०, म्हणजे "कायमचं गेलं" असा स्वच्छ निरोप. त्याआधी सगळ्याची प्रत काढून ठेवली आणि बाहेरून कुणी या पानांना दुवा दिलाय का ते तपासलं. एका तटबंदीवाल्या लेखाला होता. कुणीतरी विनोद म्हणून दिलेला.

११ फेब्रुवारी

फोटो. साइटवर पिवळी हेल्मेटं घातलेली, हसणारी, कधीही सिमेंटला हात न लावलेली माणसं आहेत. सगळी काढली. मिस्त्रींच्या फोनमधून दोनशेवर फोटो मिळाले: लोण्याचे, फुगलेल्या गिलाव्याचे, कापलेल्या पाइपचे. हे सोनं इतके दिवस एका फुटक्या काचेच्या फोनमध्ये पडून होतं. फोटोत आकार कळावा म्हणून यापुढे शेजारी मोजपट्टी ठेवायची असं ठरलं. फोटोंना पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिहिला, तोही दृष्टिहीन माणसाला उपयोगी पडेल असा. कीवर्ड कोंबायची ती जागा नव्हे.

शीर्षकं गिऱ्हाइकाच्या वाक्यांतून. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाच्या ओळी लिहिल्या, पण त्यात फार जीव ओतला नाही. त्यांनी क्रमांक वाढत नाही आणि गुगल बऱ्याचदा त्या बाजूला ठेवून पानातलाच तुकडा उचलतं.

२० फेब्रुवारी

सकाळी मालकांकडून वीस लेख आले. चॅटबॉटकडून एका रात्रीत लिहून घेतलेले. सोबत निरोप: "बघा, एका रात्रीत वीस. तुम्ही महिनाभरात तीन."

रागावून उपयोग नव्हता, बसून वाचले. भाषा गुळगुळीत, परिच्छेद एकसारखे, प्रत्येकाच्या शेवटी "निष्कर्ष". तटबंदी कुठेच नव्हती, हे कबूल करायला हवं. पण सातव्या लेखात ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारायचा सल्ला होता. मिस्त्रींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ताई, हे कुणी लिहिलं? पाणी मागून ढकलतंय आणि पुढून झाकण लावायचं? वर्षाच्या आत फोड येतील." मी म्हटलं, मशीननं. "मग मशीनलाच पाठवा दुरुस्तीला."

गुगलची भूमिका मालकांना वाचून दाखवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयोगी आहे का, हे आम्ही बघतो. म्हणजे मशीन वापरण्याला बंदी नाही. पण मार्च २०२४ च्या स्पॅम धोरणात, केवळ क्रमवारीसाठी ढिगानं पानं पाडण्याला वेगळं नाव देऊन मनाई केली, मग ती माणसानं पाडोत की मशीननं. एका रात्रीत वीस म्हणजे त्याच वाटेवरचं पाऊल. आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी दर्जा तपासणाऱ्यांच्या सूचनांत कौशल्य, अधिकार, विश्वासार्हता यांच्या जोडीला "अनुभव" ही कसोटी घातलीय. तीस वर्षांचा अनुभव आपल्याकडे थापी धरून उभा आहे आणि आपण त्याला न विचारता लिहितोय.

वीसही बाजूला ठेवले. पण त्यातून एक काम झालं. वीस लेखांत जे सगळं सारखं होतं, ते जगात सगळ्यांकडे आहे असं धरून मी आमच्या लेखांतून कापलं.

४ मार्च

सहा लेख चढले. त्यातले दोन गुगलनं बघितले पण अनुक्रमणिकेत घेतले नाहीत: "क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही". चूक माझीच. दोन्ही पानांकडे साइटवरून एकही दुवा नव्हता, मेनूतही नाही. गावाबाहेर घर बांधलं आणि रस्ता विसरले. घामाच्या लेखातून आणि मालकांच्या जुन्या गच्चीच्या लेखातून योग्य वाक्यांवर दुवे दिले. बाकी वाट बघणं.

मालक रोज विचारतात. मी रोज "अजून नाही" सांगते.

१८ मार्च

दोन्ही लेख आत आले.

आज एक ईमेल: अमुक इतके पैसे द्या, अमुक साइटवर तुमचा लेख आणि दुवा टाकू. अशी ईमेलं आठवड्याला तीन-चार येतात. गुगलमधले मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच लिहिलं होतं की दुव्यांसाठी पाहुणे लेख लिहिण्याचा प्रकार आता संपल्यात जमा धरा. पैसे देऊन घेतलेला दुवा असेल तर त्यावर "प्रायोजित" अशी खूण लावायची पद्धत २०१९ पासून आहे, त्याआधी २००५ पासून नोफॉलो (हा दुवा मोजू नका, अशी खूण) होतंच. खूण लावली की क्रमवारीसाठी उपयोग नाही, न लावली तर नियमभंग. विकत घ्यायचं काय मग?

पण दुसऱ्याच्या दारात लेख लिहिणं वाईट नाही, तिथे आपला वाचक येत असेल तर. ओल पहिल्यांदा कुणाला दिसते? रंगाऱ्याला. मालकांच्या ओळखीचे एक रंगकामाचे ठेकेदार आहेत, त्यांचीही साइट आहे. त्यांच्यासाठी लेख लिहिला: "रंग देण्याआधी भिंत कोरडी आहे का, हे कसं बघाल." पैसे दिले नाहीत, घेतले नाहीत. दुव्यावर त्यांना हवी ती खूण लावा म्हटलं. मला त्या दुव्याचं वजन नकोच आहे. पोपडे निघालेल्या भिंतीसमोर उभा असलेला माणूस हवाय.

२ एप्रिल

मार्च संपला. मालकांचे "मार्चपर्यंतचे पैसे"ही. हिशेबाला बसलो.

मोजायचं काय, इथेच घोडं अडतं. "आमच्याबद्दल कुठे कळलं?" असं विचारलं तर सगळे "गुगल" म्हणतात. पाहुणीनं सांगितलं, तिनं लेख पाठवला, यानं नाव शोधलं, नकाशावरून फोन केला, उत्तर "गुगल". रंगाऱ्याच्या लेखातल्या दुव्याला यूटीएमची शेपटी लावली होती, त्यामुळे तिथून किती आले ते कळतं. ११ जण. पण फोन केला का, ते त्यातून कळत नाही.

मग फोन घेणाऱ्या मुलीनं वही पुढे केली. पहिलं वाक्य लिहायचं तिनं थांबवलं नव्हतं. मी तर विसरूनच गेले होते. मार्चच्या पानांवर वाक्यं बदललेली दिसली. "कागद लावून बघितला, मागची बाजू ओली आहे." "लोणा कमरेपर्यंत आहे, वर नाही." "तुमच्या फोटोत आहे तसाच डाग आहे, तिसऱ्या फोटोतला." अशी नऊ. नऊपैकी सात कामं ठरली. मिस्त्रींनी मान डोलावली: "हल्ली घरी गेलं की सगळं परत समजावून सांगावं लागत नाही."

नऊ हा आकडा कुठल्याही आलेखात शोभणार नाही. मालकांनी वही दोनदा वाचली आणि जूनपर्यंत काम वाढवलं.

१५ एप्रिल

चूक. मोठी आणि माझी.

"वरच्या मजल्यावरून पाणी येतंय, खर्च कोणाचा?" हा प्रश्न वहीत सर्वांत जास्त वेळा आला होता, म्हणून त्यावर लेख लिहिला. मिस्त्रींना यातलं विचारता येत नव्हतं, म्हणून इकडचं तिकडचं वाचून, ऐकीव माहितीवर, ठाम भाषेत लिहिला. काल एका वाचकानं फोन करून शांतपणे सांगितलं की त्यांच्या इमारतीचे नियम अगदी उलटे आहेत आणि लेख दाखवून शेजाऱ्याशी भांडण करून ते तोंडघशी पडले.

म्हणजे एजन्सीनं जे केलं तेच मी केलं, फक्त बऱ्या मराठीत. लेख तासाभरात उतरवला. त्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली. नव्यानं लिहिला तो फक्त आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींवर: डागाचे तारखेसकट फोटो कसे ठेवावेत, पाण्याची चाचणी दोन्ही घरच्यांसमोर का करावी, कागदावर काय नोंदवावं. खर्च कोणाचा, याचं उत्तर तुमच्या इमारतीच्या नियमांत आणि वकिलाकडे आहे, असं स्पष्ट लिहिलं. वरती दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं तेही टाकलं.

६ मे

घामाच्या लेखाची इंप्रेशन (शोधात लेख किती वेळा दिसला ते) चढतायत आणि क्लिक उतरतायत. कारण दिसतंय: शोधाच्या वरती गुगल आता स्वतःच उत्तराचा सारांश देतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला प्रकार, मग पसरला. कागद चिकटवा, दोन दिवसांनी बघा, एवढं तिथेच मिळालं तर कोण आत येईल?

मालक म्हणाले, "आपलं उत्तर त्यांनी आपल्या दारात उभं राहून वाटलं." वाक्य चांगलं होतं, मी लिहून घेतलं.

उपाय पूर्ण नाही. दोन ओळींत मावणारं उत्तर यापुढे दोन ओळींतच जाणार, त्यावर रडण्यात अर्थ नाही. सारांशात मावत नाही ते वाढवायचं. डाग कुठून निघालाय त्याचे वीस फोटो एकाखाली एक, प्रत्येकाशेजारी उघडल्यावर आत काय निघालं ते. आणि "परत का आलं?" या मालिकेत फसलेली कामं. मालक आधी नको म्हणाले, मग स्वतःच्याच एका जुन्या फसलेल्या कामाचा फोटो घेऊन आले. "हा टाका. इथे आम्ही बाथरूमच्या पाइपाभोवतीचा सांधा नीट भरला नव्हता." हा माणूस बदललाय की आधीपासूनच असा होता आणि एजन्सीनं त्याला कधी विचारलंच नाही, कोण जाणे.

२० मे

फोनच्या वहीत आज एक विचित्र नोंद. एका बाईंनी फोन केला. काम नव्हतं. लेख वाचून कागद लावला, थेंब बाहेरच्या बाजूला निघाले, कपाट पुढे ओढलं, सकाळी खिडक्या उघडायला लागल्या, काळं पडणं थांबलं. तेवढं सांगायला फोन केला होता.

मुलीनं विचारलं, हे कुठे लिहू? रजिस्टरला दोनच रकाने आहेत, "काम ठरलं" आणि "काम नाही". मालकांनी रजिस्टर घेतलं, पट्टी मागितली आणि तिसरा रकाना आखला. डोक्यावर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून मोकळाच ठेवला.

२७ मे

मालकांचा तो जुना गच्चीचा लेख शेवटी नीट करायला घेतला. चप्पल दिसणारा फोटो ठेवला, माझ्या हट्टापायी. बाकी सगळं नव्यानं: पाणी जायच्या वाटा कशा बंद करायच्या, बांध कसा घालायचा, किती तास ठेवायचं, खालच्या छतावर काय बघायचं. या वेळी घाईत होते, मुद्दाम चुका पेरल्या नाहीत. खर्डा तसाच मिस्त्रींना पाठवला.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन.

"ताई, तुम्ही लिहिलंय पातळी खाली गेली म्हणजे गळती. उन्हानं पाणी उडतं त्याचं काय? शेजारी भरलेली बादली ठेवायची. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं सोडून द्यायचं, गच्चीवरचं त्यापेक्षा जास्त उतरलं तर गळती. आणि वजन लिहिलं नाहीत. पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. जुनं छत असेल तर आधी माणसाला दाखवायला सांगा. हे मुद्दाम चुकवलंत ना, नेहमीसारखं?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"हो," मी म्हटलं.